'म'चं कोपर

लातूर-नांदेडच्या बाजूला गेल्या आठ-नऊ वर्षांत तुमच्या घरी एखादी लग्नपत्रिका आली असेल, तर सिद्धराम हलगरेचं अक्षर तुमच्या उंबऱ्याच्या आत येऊन गेलं, हे नक्की समजा. लग्नच कशाला, वास्तुशांती असो, निवृत्तीचा सत्कार असो, चौकात बांधलेला भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक असो, अक्षर तेच. डौलदार, वळणाचं, शेवटाला किंचित वर उचललेलं. सगळ्यांनी ते बघितलंय, सगळ्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलंय. आणि ज्याच्या हातातून ते उतरलं त्याला कुणी विचारलं का, की अप्पा, हे तुमचं का हो? कशाला विचारतील! कॉम्प्युटरात सगळं आपोआप उगवतं, असाच सगळ्यांचा समज.

सिद्धराम मूळचा चाकूर तालुक्यातला. बापाचं गावात किराणा दुकान होतं. पोराचा जीव मात्र तराजूत कधी रमलाच नाही. साखरेच्या पुड्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, तर हा ते असं लिहायचा की बाया पुडा सोडून कागद जपून ठेवायच्या. दहावीला गणितानं घात केला आणि स्वारी लातूरला एका पेंटरच्या हाताखाली आली. पुढची पंचवीस वर्षं गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजाराच्या, सोळा रस्त्यांवर कुठंही मान वर करा, पाटी सिद्धरामचीच. कापडाचं दुकान, सोनाराची पेढी, दवाखाना. शिडीवर उभं राहून उन्हात तो अक्षरं काढायचा आणि खाली चार रिकामटेकडे माना वर करून बघत बसायचे.

मग फ्लेक्स आलं. दोन वर्षांत पेंटर लोकांचं वाटोळं झालं. एकानं ऑटो घेतला, एक बांगड्यांच्या गाड्यावर बसला, एक दारूत गेला. सिद्धरामनं ब्रश धुऊन माळ्यावर टाकला आणि बोरू हातात घेतला. मानपत्रं लिहायला लागला. सत्कार म्हटलं की मानपत्र आलं, आणि मानपत्र म्हटलं की लोक त्याच्या खडक हनुमान भागातल्या दोन खोल्यांच्या घराचा जिना चढायचे. मुख्याध्यापक, डॉक्टर, सरपंच, बदली झालेले साहेब. किती जणांच्या बैठकीत काचेमागं त्याचं अक्षर टांगलेलं आहे, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

आणि दुसरं काम होतं देवाच्या पत्रिकेचं. इकडच्या लिंगायत घरांत पत्रिका हजार छापा नाहीतर पाच हजार, पण पहिली पत्रिका हातानं लिहिलेली पाहिजे. ती कपिलधारला मन्मथ स्वामींच्या पायाशी ठेवायची, मग बाकीच्या वाटायला काढायच्या. ती लिहायचा मान सिद्धरामचा. त्या दिवशी तो सकाळी आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून चौरंगापुढं बसायचा. त्या कामाचं तो एक नारळ तेवढा घ्यायचा. "देवाला लिव्हायचं तर हात हलका पाहिजे," म्हणायचा.

त्याची बायको महानंदा उदगीरची. तोंडानं फाटकी, मनानं सोनं. नवरा लिहायला बसला की ती चहाचा कप आणून नेमका त्याच्या उजव्या कोपराशी ठेवायची. दुसरीकडं जागा नाही का? असायची. पण नाही, कोपराशीच.

"अगं, शाई सांडंल एखाद दिवस," तो म्हणायचा.

"मग वर बगून घेत जावा. हितं माणूस उभं हाय, त्येची गंधवार्ता नसती तुमाला. तुमाला फकस्त ती अक्षरं दिसतेत."

चाळीस वर्षं हा तंटा चालला. दोघांनाही तो मिटवायचा नव्हता.

रेवणसिद्ध छापखानेवाला सिद्धरामचा जिवाभावाचा दोस्त. पाट्यांच्या काळापासूनचा. तो वारला आणि त्याचा मुलगा वीरेश पुण्यातलं डिझाइनचं शिक्षण संपवून छापखाना बघायला परत आला. ही दोन हजार चौदाची गोष्ट. बापाच्या वर्षश्राद्धानंतर एक दिवस वीरेश जिना चढून आला, वाकून पाया पडला, लिंगायतांच्या रीतीनं शरणार्थ म्हणाला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

"अप्पा, एक मागायला आलोय. तुमचं अक्षर जपून ठिवायचंय. तुमच्या माघारी ते जायला नको. अण्णा नेहमी म्हणायचे, सिद्रामचा हात म्हणजे दौलत हाय."

आता सांगा, असं कुणी बोलल्यावर माणूस विरघळणार नाही तर काय करणार? बायकोनं तीस वर्षं टोमणे मारले, गावानं कामापुरतं अप्पा म्हटलं, आणि हे पोर म्हणतंय की तुमच्या माघारी हे राहिलं पाहिजे. सिद्धरामला गहिवरून आलं. वीरेशनं पैशाचं काहीतरी तोंडातल्या तोंडात काढलं, तर हा त्याच्यावरच उखडला, "रेवणच्या पोराकडून पैशे घेऊ व्हय रे मी?" एकच गोष्ट बोलला, तीही हसत हसत. "कुणी इचारलं तर सांग म्हंजे झालं, की हे सिद्रामचं हाय."

"हे काय बोलणं झालं अप्पा? सांगीनच की."

झालं. कागद नाही, सही नाही, काही नाही. रेवणसिद्धचा मुलगा बोलला होता, त्यावर आणखी काय पाहिजे?

चार महिने तो लिहीत होता. अख्खी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, काने, मात्रा, वेलांट्या. सहाशेच्या वर आकार. एकेका तावावर एकेक ओळ, रेघा महानंदानं मारून द्यायच्या. रोज संध्याकाळी वीरेश मोटारसायकलवर यायचा आणि झालेले ताव गुंडाळून न्यायचा. ज्या दिवशी प, फ, ब, भ, म ही ओळ होती, त्या दिवशी वीरेश घाईत होता, खाली हॉर्न वाजवत होता. सिद्धराम शेवटच्या 'म'ची दांडी वरून खाली उतरवत होता आणि महानंदानं कप ठेवला. कोपराला धक्का लागला. सरळ उतरायची ती दांडी तळाशी जाऊन उजवीकडं सटकली आणि जराशी वर वळली.

सिद्धराम कपाळावर हात मारून ओरडला, "केलंस का सत्यानाश! आता पुन्यांदा सगळी ओळ लिव्हावी लागती."

महानंदानं वाकून बघितलं. "काय झालंय त्याला? चांगलं दिसायलंय की. कोपर काढून बसल्यावानी. राहू द्या, माज्याच नावाचं अक्षर हाय. माजाबी जरा हात लागू द्या की तुमच्या कामाला."

तो बघत राहिला. खरंच वाईट दिसत नव्हतं. खाली हॉर्न वाजतच होता. त्यानं ताव गुंडाळला आणि देऊन टाकला.

त्या दिवसापासून तो स्वतःही 'म' तसाच लिहायला लागला. आधी पस्तीस वर्षं त्याचा 'म' सरळ उभा होता. आता तळाशी कोपर काढायला लागला. कुणी विचारलं तर सांगायचा नाही. महानंदाला तेवढं माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दोन वर्षांनी त्या तावांवरून बनवलेला कॉम्प्युटरचा फॉन्ट बाजारात आला. नाव ठेवलं 'रेवणश्री'. दोस्ताचं नाव दिलं म्हणून सिद्धरामचे डोळे भरून आले, अगदी खरं सांगायचं तर. त्यानं गल्लीत पेढे वाटले. मग पत्रिका यायला लागल्या. पहिली औशाची, मग अहमदपूरची, मग निलंग्याची. एकदा नवराबायको माहूरला देवीला निघाले, तर नांदेडच्या बसस्टँडसमोर मंगल कार्यालयाच्या दारावर ही मोठी कमान, 'शुभमंगल', आणि त्यातला 'म' कोपर काढून उभा. महानंदा भर रस्त्यात उभी राहून खो खो हसली. "बगा ओ, तुमच्या कोपराला मी धक्का दिला आन् ती नांदेडपतोर आली!"

शेजारी वऱ्हाडाकडचा एक फुगेवाला उभा होता. सिद्धराम त्याला अभिमानानं म्हणाला, "ते अक्षर माजं हाय."

फुगेवाल्यानं त्याच्याकडं खालून वर बघितलं. "बाबा, कायले मजाक करून राहिला? ते कॉम्प्युटरचं आहे."

सिद्धरामही हसला. तेव्हा हसायला आलं. दिवसच तसे होते.

मग जिना चढणारे लोक कमी झाले. मानपत्र छापखान्यातच अर्ध्या तासात निघायला लागलं, तेही 'अप्पांच्या अक्षरासारखंच'. देवाची पत्रिका तेवढी राहिली. जे यायचे तेही कागद उजेडाला धरून विचारायचे, "अप्पा, हातानंच लिव्हलंय नव्हं? का कॉम्प्युटरवर काढलं?" पहिल्यांदा तो हसण्यावारी न्यायचा. नंतर नुसता कागद त्यांच्या हातात द्यायला लागला. पोटावर पाय आला तो आला, पण त्याचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. दोघांचं पोट ते केवढं. त्याला एवढंच वाटायचं की गावानं एकदा, चार माणसांत, म्हणावं की हे सिद्धरामचं आहे. बस्स, एकदा. त्यानंतर डोळे मिटले तरी चालतील.

आणि ती वेळ आल्यासारखी वाटली. गेल्या वर्षी नांदेडच्या एका संस्थेनं 'रेवणश्री'बद्दल वीरेशला पुरस्कार दिला. वर्तमानपत्रात फोटो आला. वीरेश पेढ्याचा बॉक्स घेऊन घरी आला. पाया पडला. "अप्पा, तुमच्याच आशीर्वादानं झालं." आशीर्वादानं म्हणाला. हातानं म्हणाला नाही. पण सिद्धरामला तेव्हा तो फरक कुठला कळायला. तो नुसता फुलला होता. महानंदानं चहा आणला, कोपराशी ठेवला, आणि त्याच आनंदात याच्या तोंडून ते निघून गेलं.

"वीरेश, तुला एक सांगू का? त्या 'म'ला खाली कोपर कशामुळं आलं, म्हाईत हाय का?"

आणि सगळी गोष्ट सांगितली. कप, धक्का, हॉर्न. महानंदा लाजून आत गेली. सिद्धराम मांडीवर थाप मारून हसत होता. "जगात कुनाला ठावं न्हाई. आमा दोघाला, आन् आता तुला."

वीरेशही हसला. "अरे वा अप्पा. हे म्हाईतच नव्हतं मला." पेढा तोंडात टाकून तो जिना उतरला. वेडा रे वेडा सिद्धराम! पेटीची किल्ली स्वतःच्या हातानं काढून दिलीस.

महिन्याभरानं उमाशंकर गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, सभ्य माणूस, गावातल्या प्रत्येक सत्कार समितीचे अध्यक्ष. वीरेशचा नागरी सत्कार ठरला होता आणि गुरुजींची इच्छा होती की त्या दिवशी तरी मानपत्र छापील नको, सिद्रामअप्पांच्या हातचं पाहिजे. मजकूर त्यांनी स्वतः लिहून आणला होता. सिद्धरामनं चष्मा लावून तो वाचला. 'आपण अहोरात्र साधना करून, आपल्या सिद्धहस्त लेखणीतून या मंगल अक्षरांना जन्म दिलात.' पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. दोन पानांचा मजकूर होता, त्यात सिद्धराम हलगरे हे नाव कुठंही नव्हतं.

गुरुजी गेल्यावर महानंदा म्हणाली, "फेकून द्या त्येच्या तोंडावर. न्हाई लिव्हत म्हणून सांगा."

"आगं, गुरुजींला म्हाईत नसंल. मी वीरेशला बोलतो. एक ओळ घालायची, त्यात काय एवढं?"

वीरेशचं ऑफिस आता अंबाजोगाई रोडला, काचेचं. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. सिद्धराम म्हणाला, "बाळा, एकच ओळ. 'ही अक्षरं सिद्धराम हलगरे यांच्या हातची.' बाकी सगळं तुजंच असू दे."

वीरेश जरा वेळ टेबलावरचा पेन फिरवत बसला. मग फार मऊ आवाजात बोलला. "अप्पा, तुमचा मान हायच. पण कसं असतंय, फॉन्ट म्हंजे नुसतं अक्षर नव्हं. मी दोन वर्षं कॉम्प्युटरपुढं डोळे फोडलेत. आन् नमुने मी चार-पाच जणांचे घेतले होते, त्यात एक तुमचा. आता एकट्या तुमचं नाव घातलं तर बाकीचे उठून बसतील. पुरस्काराच्या लोकांला काय सांगू?"

"चार-पाच जण? कोण रे?"

"होते अप्पा."

"माजे ताव काढ. ताव दाखीव."

"छापखाना हलवताना वाळवी लागली होती. रद्दीत गेले सगळे."

चार महिन्यांचं लिखाण रद्दीत गेलं, आणि हा ते पाण्याचा ग्लास पुढं सरकवत सांगत होता. सिद्धरामनं पाणी घेतलं नाही. वीरेशनं कष्ट घेतले नव्हते असं तो कधीच म्हणाला नसता. पण हे चार-पाच जण! अंगाची लाही लाही झाली त्याच्या.

तो तसाच गुरुजींच्या घरी गेला. बैठकीत गुरुजींच्या निवृत्तीचं मानपत्र टांगलेलं होतं, दोन हजार आठचं, त्यानंच लिहिलेलं. सिद्धराम चपला काढता काढताच बोलला, "गुरुजी, ते बगा भिंतीवर. ते कुनी लिव्हलं? तवा वीरेश कालेजातबी गेला नव्हता."

गुरुजींनी चष्मा सरसावून भिंतीकडं बघितलं, जसं काही सोळा वर्षांत पहिल्यांदाच बघत होते. "सारखं दिसतंय खरं. पण अप्पा, वळणदार अक्षर म्हटल्यावर थोडंफार सारखंच येणार. याच्यावरून कसं म्हणायचं?"

"बरं. मग ह्ये बगा." त्यानं पिशवीतून रेवणश्रीत छापलेली एक जुनी पत्रिका काढली. "ह्यो 'म'. खाली कोपर हाय का न्हाई? ह्ये दुसऱ्या कुनाच्या अक्षरात दाखवा मला. ही माज्या बायकोच्या धक्क्यानं आलेली चूक हाय. माजी चूक. ती तर दुसऱ्या कुनाची आसू शकत न्हाई ना?" आणि त्यानं ती गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी हसू आलं नाही.

गुरुजी खरोखर विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप उघडला. सत्काराची निमंत्रणपत्रिका त्यात होती, परवाच वीरेशच्या ऑफिसातून आलेली. त्यांनी 'मानपत्र' शब्दावर जाऊन अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"अप्पा, ह्याला तर कोपर नाही."

सिद्धरामनं डोळे स्क्रीनला लावले. दांडी वरून खाली सरळ उतरली होती, ताठ, देवळाच्या खांबासारखी. तळाशी काही नव्हतं.

गुरुजींनी वीरेशला फोन लावला, आवाज मोठा करून. वीरेश पलीकडून म्हणाला, "गुरुजी, तो जुन्या आवृत्तीतला दोष होता. बऱ्याच जणांची तक्रार होती. मागच्या महिन्यात काढून टाकला, आता एकदम स्वच्छ झालंय."

मागच्या महिन्यात. पेढे खाऊन गेला त्या महिन्यात.

सिद्धरामनं पत्रिका परत पिशवीत ठेवली. गुरुजींना त्याचा चेहरा बघवेना. ते म्हणाले, "अप्पा, निमंत्रणं गेली, पाहुणे ठरले. शेवटच्या घडीला वाद नको. पण मी शब्द देतो. तुमचं नाव मी स्टेजवरून घेईन. माझ्या तोंडानं, सगळ्या गावापुढं. मग तर झालं?"

आणि सिद्धरामनं मान हलवली. महानंदा त्यावरून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, "तुमी लिव्हणार? त्येच्या सत्काराचं मानपत्र तुमी लिव्हणार? लाज न्हाई का वाटत?"

"लिव्हतो. आसं लिव्हतो की बगनाऱ्याला कळलं पाहिजे ह्यो हात कुनाचा हाय. आन् गुरुजी नाव घेनार हायत. नाव आन् अक्षर शेजारी शेजारी आलं, की लोकांला काय सांगायचं राहतंय?"

त्यानं पाच दिवस लावले. नवा बोरू तासला, शाई स्वतः घोटली. आयुष्यात इतकं सुंदर त्यानं कधी लिहिलं नव्हतं. आणि मजकुरात जिथं जिथं 'म' आला, मान, मंगल, कर्म, सन्मान, तिथं तिथं त्यानं दांडी तळाशी उजवीकडं वळवून वर उचलली. तेवीस 'म' होते. महानंदा कोपराशी कप ठेवून तिथंच बसून राहिली, शेवटचा 'म' होईपर्यंत.

सत्काराला सभागृह भरलं होतं. सिद्धराम ठेवणीतलं धोतर नेसून चौथ्या रांगेत, शेजारी महानंदा, इरकल नेसून. पाहुण्यांची भाषणं झाली. मानपत्राचं वाचन झालं. पडद्यावर त्याचा मोठा फोटो दाखवला आणि लोकांत कौतुकाची कुजबुज उठली. सिद्धराम खुर्चीत पुढं सरकला. मग गुरुजींनी माईक हातात घेतला. शब्दाला जागले नाहीत, असं म्हणायला जागा नाही.

"मित्रहो, हे मानपत्र छापलेलं नाही! आपल्या लातूरचे ज्येष्ठ कलावंत सिद्धरामअप्पा हलगरे यांनी ते हातानं लिहिलं आहे. वीरेशरावांच्या रेवणश्री अक्षराची अप्पांनी इतकी हुबेहूब नक्कल उतरवली आहे की ओळखू येत नाही. या वयात! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

झाल्या की. छत कोसळेल इतक्या झाल्या. समोरच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याकडं वाकून म्हणाला, "'म' तेवढा जमला न्हाई बग. तळाला सुटलाय." दुसरा म्हणाला, "वय झालंय. हात हलत आसंल."

सिद्धरामला स्टेजवर बोलावलं. तो गेला. वीरेशनंच शाल घातली, नारळ दिला आणि वाकून पाया पडला. फोटो निघाला. वीरेशची नजर एकदा पडद्यावरच्या त्या तेवीस कोपरांवर गेली आणि पटकन खाली आली. म्हणजे त्याला कळलं होतं. सभागृहात दोघांना कळलं होतं, आणि तिसरी चौथ्या रांगेत होती. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, ती एकटी मांडीवर हात ठेवून बसली होती.

ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "बोलला का न्हाईत? माईक तर होता."

"काय बोलू? माजंच अक्षर मला पुरतं जमत न्हाई, आसं म्हनले लोक. टाळ्या वाजवून म्हनले."

शाल त्यानं ऑटोतच घडी केली. घरी आल्यावर ती माळ्यावर गेली, ब्रशाच्या डब्याशेजारी.

पुढं पंधरा दिवसांनी चाकूरहून एक व्यापारी आला. मुलीचं लग्न होतं, देवाची पत्रिका लिहून हवी होती. जिना चढून धापा टाकत बसला. सिद्धरामनं नमुना दाखवला, त्यानं तो बराच वेळ निरखला. "झ्याक हाय अप्पा. अगदी रेवणश्रीसारखं. फकस्त त्यो 'म' तेवढा साफ काढा, छापील पत्रिकेत हाय तसा. देवापुढं जायचंय, सदोष नको."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. सिद्धरामनं बोरूचं टोक पुसलं. त्याच्या मनात आलं असेल की उठावं, कागद फाडावा, म्हाताऱ्या गळ्यानं ओरडून सांगावं. पण कुणाला? हा माणूस लेकीच्या लग्नाला निघालेला, त्याचा काय दोष?

"काढतो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, पूजा, विभूती सगळं करून तो चौरंगापुढं बसला. 'श्री' लिहिलं. पुढं 'मन्मथ प्रसन्न' लिहायला घेतलं. 'म'ची दांडी वरून खाली सरळ आणली, तळाशी थांबवली आणि बोरू उचलला. दहा वर्षांत पहिल्यांदा. हात जरासुद्धा हलला नाही.

महानंदा चहा घेऊन आली. तिनं वाकून कागद बघितला. 'म' बघितला.  मग तिनं कप खाली ठेवला, त्याच्या कोपरापासून चांगला हातभर लांब.